पोतदार आडनावाच्या घराण्यांचा एकत्रित कुलवृत्तांत : शोध कोठून सुरू करावा?

प्रश्न – कृष्णाकाठ

नमस्कार. आमच्या आडनावाच्या काही मंडळींनी एकत्र येऊन पोतदार घराण्यांचा कुलवृत्तांत तयार करण्याचे ठरवले असून साहित्य जमवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि बेळगाव या भागांत मूळ असलेल्या, तसेच पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या बऱ्याच कुटुंबांनी आपापली माहिती पाठवली आहे. बहुतेकांची नावे पणजोबांपाशी थांबतात. काही घरांत जुन्या वहीत उतरवून ठेवलेली वंशावळ आहे, आणि थोड्या घरांत मोडी कागदांची बासने आहेत, जी दोन पिढ्यांत कोणी उघडून वाचलेली नाहीत.

आलेली माहिती लावताना पहिली अडचण अशी आली की ही सर्व कुटुंबे एका समाजाची नाहीत. काही देशस्थ ब्राह्मण आहेत, काही सोनार समाजातील आहेत, तर काही घरांत ‘आपले मूळ आडनाव निराळे होते, पोतदारी मिळाल्यावर हे नाव लागले’ असे परंपरेने सांगितले जाते. एकाच समाजातील कुटुंबांचीही गोत्रे आणि कुलदैवते जुळत नाहीत. असे असूनही आमच्यातील काही ज्येष्ठांचा आग्रह आहे की सर्वांचा मूळ पुरुष एकच असला पाहिजे आणि ग्रंथाची सुरुवात त्याच्या नावाने व्हावी. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. परंतु पुराव्यावाचून असे काही छापले तर पुढील पिढ्या तेच प्रमाण मानतील, याची मला काळजी वाटते.

एका आडनावाखालील निरनिराळ्या घराण्यांचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, पणजोबांच्या मागे जाण्यासाठी कोणती सरकारी दप्तरे खरोखर उपयोगी पडतात, आणि मोडी कागदांचे काय करावे, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.


उत्तर – दप्तरखाना

आपली काळजी रास्त आहे, आणि आपण ती कामाच्या आरंभीच व्यक्त केली हे फार चांगले झाले. मूळ पुरुषाचा प्रश्न प्रथम घेतो, कारण पुढची सर्व पद्धत त्याच्यावर अवलंबून आहे.

पोतदार हे हुद्द्यावरून आलेले आडनाव आहे. मराठेशाहीत एकाच बाजारात अनेक टांकसाळींचे रुपये चालत, त्यांचा कस आणि वजन सारखे नसे, आणि वसुलात आलेले नाणे पारखून त्यावरचा बट्टा (किमतीतील घट) ठरवल्याशिवाय ते सरकारी खजिन्यात जमा होत नसे. हे पारखण्याचे आणि पोत, म्हणजे खजिना, सांभाळण्याचे काम पोतदाराचे होते. प्रत्येक परगण्याला, मोठ्या कसब्याला आणि पेठेला असा माणूस लागत असे. तो कोठे सोनार असे, कोठे ब्राह्मण कारकून, आणि काम वंशपरंपरेने चालू लागले की हुद्दाच घराण्याचे नाव होऊन बसे. कुलकर्णी, देशपांडे, चौगुले, पाटील, सबनीस या नावांचेही असेच झाले आहे. अशा आडनावाला एकच उगम असणे जवळजवळ अशक्य आहे. ‘कर’ प्रत्ययाच्या आडनावातही एकाच गावातून निघालेली, परंतु परस्परांशी रक्ताचे नाते नसलेली घराणी सापडतात. हुद्द्याच्या नावात तर उगम जितके परगणे तितके असू शकतात.

म्हणून आपल्या कामाचे एकक ‘आडनाव’ न धरता ‘घराणे’ धरावे. मूळ गाव, कुलदैवत आणि गोत्र किंवा देवक या तिन्ही गोष्टी ज्यांच्या जुळतात त्या कुटुंबांचा तात्पुरता एक गट करावा आणि त्याला गावाच्या नावाने ओळखावे. यांपैकी एकटे गोत्र जुळणे हा पुरावा मुळीच नव्हे, कारण गोत्रे मोजकी आहेत आणि एकमेकांशी संबंध नसलेली असंख्य घराणी एका गोत्रात येतात. कुलदैवत जर जोतिबा, तुळजाभवानी किंवा खंडोबा यांसारखे मोठ्या प्रदेशाचे असेल तर त्याचेही वजन कमीच धरावे. एखाद्या लहान गावची ग्रामदेवता दूरच्या शहरात राहणारी दोन कुटुंबे कुलदेवता म्हणून पूजत असतील, तर मात्र तो धागा मोलाचा समजावा. गट तात्पुरते आहेत, ही गोष्ट प्रत्येक तक्त्यावर स्पष्ट लिहून ठेवावी.

ज्येष्ठांना समजावताना एका उदाहरणाचा उपयोग होईल. इंग्लंडमध्ये १९७९ साली स्थापन झालेली ‘गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज’ ही संस्था एका आडनावाच्या अभ्यासाला वाहिलेली आहे. तिचे सदस्य त्या आडनावाची प्रत्येक नोंद जमवतात, मग त्या व्यक्तींचे आपसांत नाते असो वा नसो. नाते सिद्ध झाले तर शाखा जोडतात, न झाले तर शेजारी ठेवतात. आपल्याकडे कुलवृत्तांत म्हटला की एका वंशवृक्षाची अपेक्षा असते; आपण मात्र ‘पोतदार घराण्यांचा वृत्तांत’ असे अनेकवचनी शीर्षक घेतलेत, तर कोणाचाही मान न दुखावता काम सत्यावर उभे राहील.

आता दप्तरांविषयी. नेहमी जवळच्या काळाकडून दूरच्या काळाकडे जावे. शेतजमीन असलेल्या कुटुंबासाठी सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे वारसाचा फेरफार, अर्थात जमिनीच्या दप्तरातील हक्क बदलल्याची नोंद. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने गावोगाव हक्कपत्रक व फेरफार नोंदवही सुरू झाली. खातेदार मरण पावला की तलाठ्याने ‘अमुक तारखेस मयत, वारस पुढीलप्रमाणे’ अशी नोंद करावयाची असे. तिच्यात मुलगे, विधवा पत्नी, अज्ञान मुलांचे पालनकर्ते आणि कधी कधी वयेही मिळतात. आजच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्याजवळ जुन्या फेरफारांचे क्रमांक असतात, त्यांचा माग घेत एकेक पिढी मागे सरकता येते. बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन होऊन महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. उरलेल्यांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो. १९४७ च्या कायद्यानुसार जेथे एकत्रीकरण योजना झाली तेथे सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, त्यामुळे जुना नंबर आधी जुळवून घेतल्याखेरीज मागचा माग लागत नाही. बहुतेकांचा शोध नेमका याच ठिकाणी थांबतो आणि ‘कागद नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांच्यासाठी शाळेचे जनरल रजिस्टर आणि गावची जन्म-मृत्यूची नोंद हे दोन आधार आहेत. ही जुनी नोंद गाव नमुना १४ मध्ये असे आणि लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा या दोन्ही प्रकारच्या जुन्या वह्या राज्यभर तपासल्या गेल्या आणि अनेक जिल्ह्यांनी त्यांच्या प्रतिमा आपापल्या संकेतस्थळांवर ठेवल्या. शोधाचा हेतू वेगळा होता, तरी त्या पानांवर गावातील इतर घरांचीही नावे आहेत. आपल्या गटांची मूळ गावे निश्चित झाली की ही पाने अवश्य पाहावीत.

पोतदारीचे वतन किंवा इनाम होते असे ज्या घरांत सांगतात, त्यांच्यासाठी आणखी दोन वाटा आहेत. १८७४ च्या वतन कायद्याखाली वतनदारांची रजिस्टरे ठेवली गेली आणि वतनाचा वारस ठरवताना वंशावळी दाखल होत असत. त्यामागे १८५२ च्या अकराव्या कायद्याने चाललेले इनाम कमिशन आहे. त्याच्यापुढे इनामदारांना आपला हक्क कोणापासून कोणाकडे कसा आला हे कागदांनिशी सांगावे लागे, आणि त्या चौकशीचे दप्तर पुढे पुण्याच्या पुराभिलेखागारात राहिले. तेथील पेशवे दप्तर आणि शाहू दप्तर रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले आहे. आडनावांची सूची तेथे मिळणार नाही; परगणा आणि गाव सांगून रुमाल मागवावे लागतात. कोल्हापूर संस्थानातील गावांसाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार पाहावे. सांगली, मिरज, जमखंडी अशा पटवर्धनी संस्थानांतील गावांचा कारभार वेगळा होता, हेही विसरू नये. १८९० साली अमुक गाव कोणाच्या अमलाखाली होते हे ठाऊक नसेल, तर माणूस चुकीच्या कचेरीत वर्षे घालवतो.


उत्तर – मोडीवाचक

वरील विवेचनाशी मी पूर्णपणे सहमत आहे. मी केवळ घरच्या मोडी कागदांविषयी लिहितो, कारण त्यांच्याबाबत घाई झाली तर झालेली हानी भरून निघत नाही.

बासन सोडताना कागद कोणत्या क्रमाने बांधलेले आहेत ते आधी टिपून ठेवावे. एकत्र बांधलेले कागद बहुधा एकाच व्यवहाराचे असतात आणि तो क्रम मोडला की तारीख नसलेल्या कागदाचा संदर्भ हरवतो. प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. पाठीवरचा मजकूर, शिक्का, कागद जोडल्याच्या सांध्यावरील खूण यांपैकी काहीही निरुपयोगी नसते. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर कदापि करू नये. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचे नाव आपण ऐकलेच असेल. अशा संस्थांच्या आसपास मोडी जाणणारी मंडळी भेटतात. तरीही घरातील एका तरी तरुण व्यक्तीने मोडी शिकून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. बाहेरचा वाचक मजकूर लावून देतो. नाव ‘रामाजी’ की ‘शामाजी’ हा संशय मात्र घराण्याची इतर नावे ठाऊक असलेल्यालाच लवकर सुटतो.

तारखांकडे विशेष लक्ष द्यावे. मराठेशाहीतील कागदांवर शुहूर सन (त्या काळची एक कालगणना) अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो, आणि एकं, दहं, शतं, सहस्र या क्रमाने तो उलगडतो. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७७. हे वर्ष मृगाला सुरू होत असल्याने जून ते डिसेंबरमधील कागदासाठी ५९९ आणि पुढील महिन्यांसाठी ६०० मिळवले की इसवी सन येतो; म्हणजे हा कागद १७७६-७७ चा. फसली सन (महसुली वर्षाची गणना) याहून नऊने अधिक असतो, म्हणून तेथे ५९० किंवा ५९१ मिळवावे. शालिवाहन शकात ७८ मिळवले की पुरते, फक्त जानेवारीपासून वर्षप्रतिपदेपर्यंत ७९ धरावे. राज्याभिषेक शक १६७४ पासून मोजला जातो. तारखेआधी येणारा ‘छ’ हा चंद्राचा संक्षेप आहे आणि त्यापुढे हिजरी महिना येतो. शुहूर आणि फसली यांची गल्लत झाली की कागद नऊ वर्षे सरकतो, आणि नऊ वर्षांत बापाच्या जागी मुलगा कारभार पाहू लागलेला असतो.

एवढा काटेकोरपणा का, तर नावांमुळे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत असल्याने ‘बाळाजी रामाजी’ आणि ‘रामाजी बाळाजी’ अशी जोडी शंभर-दीडशे वर्षे आलटून पालटून येत राहते. तारीख पक्की नसेल तर दोन वेगळ्या पिढ्यांचे लोक एक समजले जातात आणि वंशवेलीतून दोन पिढ्या गळतात, किंवा एकाच माणसाचे दोन होतात. माझ्या पाहण्यातील हस्तलिखित वंशावळींत सर्वाधिक घोटाळे याच कारणाने झालेले आहेत. प्रत्येक पिढीला सरासरी पंचवीस ते तीस वर्षे धरून वेल तपासावी. जेथे एका पिढीला साठ वर्षे पडतात तेथे मधले नाव गळले आहे का, ते पाहावे.

जुन्या कागदांत आडनाव पुष्कळदा नसतेच. शेतकरी आणि कारागीर घरांतील माणसाचे नाव ‘अमुक बिन तमुक’ असे, विवाहित स्त्रीचे ‘कोम’ घालून नवऱ्याच्या नावासह, आणि हुद्देदाराचे हुद्द्यासह येते. त्यामुळे ‘पोतदार’ हा शब्द दिसला की ते त्या माणसाचे घराणे असेलच असे नाही. त्या वर्षी तो केवळ त्या कामावर असेल. लागोपाठच्या दोन पिढ्यांच्या नावांपुढे तो शब्द आढळला, तर आडनाव रूढ होत आहे असे मानण्यास आधार मिळतो.

सर्वांत महत्त्वाचे कागद म्हणजे वतनाच्या तंट्यातील महजर (सभेच्या साक्षीने झालेल्या निर्णयाचे पत्र), निवाडपत्रे आणि करीने (पक्षकारांचे लेखी निवेदन). करिन्यात वादी आपले घराणे कोठून आले, कोणी वतन मिळवले, भाऊबंदांत तक्षिमा (वाटण्या) कशा पडल्या, दुष्काळात कोण परागंदा झाला, हे सविस्तर सांगतो. वंशाच्या शोधासाठी याहून मोठा ठेवा नाही. मात्र हा माणूस भांडण जिंकण्यासाठी बोलत असतो. प्रतिपक्षाला परका ठरवायचे असेल तर तो त्याचा आजा आपल्या वंशातून वगळतो, आणि आपले थोरलेपण दाखवायचे असेल तर एखादा पूर्वज वाढवतो. म्हणून दोन्ही बाजूंचे करीने मिळवून वाचावेत. जी नावे दोन्ही बाजूंना मान्य आहेत, ती निर्धास्तपणे घ्यावीत.


प्रश्नकर्ता – कृष्णाकाठ

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. अनेकवचनी शीर्षकाची सूचना मी मंडळींपुढे ठेवली असून तिला विरोध झालेला नाही. आणखी दोन शंका आहेत. आमच्या काही घरांत त्र्यंबकेश्वर, पंढरपूर आणि हरिद्वार येथील उपाध्यांकडे आपली नावे आहेत असे सांगतात. त्या नोंदी प्रमाण मानाव्यात का? दुसरे असे की आलेल्या जवळजवळ सर्व वंशावळींत केवळ पुरुषांची नावे आहेत. लेकी आणि सुना यांची नावे मिळवण्याचा काही मार्ग आहे का? आमच्या काही भगिनींनी स्पष्ट सांगितले आहे की स्त्रियांची नावे नसतील तर त्या या कामात सहभागी होणार नाहीत, आणि त्यांचे म्हणणे मला योग्य वाटते.


उत्तर – नामावळी

तीर्थोपाध्यांच्या वह्या हा आपल्या देशातील वंशशोधाचा एक अत्यंत समृद्ध आधार आहे. यात्रेकरू आला की उपाध्ये त्याच्याकडून, शक्यतो त्याच्याच हाताने, गाव, नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुले आणि आल्याचा शक किंवा संवत लिहून घेतात. हीच ती नामावळी. त्या नोंदीचे बळ असे की ती त्या दिवशी हजर असलेल्या माणसाने दिलेली असते. हयात माणसांची नावे आणि आलेली तारीख यांबाबत ती जवळजवळ निर्विवाद धरावी. पणजोबांच्या मागची नावे मात्र त्याने ऐकून सांगितलेली असतात, किंवा आधीच्या नोंदीवरून उपाध्यांनी उतरवून घेतलेली असतात. त्यांना स्वतंत्र पुरावा समजू नये. एकाच वेळी आलेल्या दोन चुलतभावांनी सह्या केल्या असतील, तर दोन शाखा जोडण्यासाठी याहून चांगला कागद क्वचितच मिळतो.

या वह्या आडनावाप्रमाणे लावलेल्या नसतात. यजमानांची वाटणी मूळ प्रांत, गाव आणि जात यांवरून झालेली असते, म्हणून आज आपण पुण्यात राहत असलात तरी मूळ गावच सांगावे लागते. तेही आजच्या तालुका-जिल्ह्यासह सांगून भागत नाही; जुना परगणा ठाऊक असेल तर उपाध्ये पटकन सापडतात. हरिद्वार आणि इतर काही क्षेत्रांतील वह्यांचे युटा येथील जिनिऑलॉजिकल सोसायटीने मायक्रोफिल्मिंग केलेले आहे आणि फॅमिलीसर्च या वंशशोधाच्या संकेतस्थळाच्या माध्यमातून त्यांचा काही भाग पाहता येतो. तरीही मी प्रत्यक्ष जाण्याचाच सल्ला देईन, कारण पानाच्या कडेला असलेली ‘यांचे बंधू अमुक क्षेत्री पाहावे’ अशी टीप वाचून दाखवण्याचे काम उपाध्येच करू शकतात. परतताना आपल्या पिढीची पूर्ण नोंद, मुली व सुनांसह, स्वतःच्या हाताने करून यावे.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि बेळगाव या पट्ट्यात हेळवी येतात का, याचीही गावात चौकशी करावी. ही मंडळी पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या घरांच्या वंशावळी सांगत आली आहेत आणि त्यांच्याकडे लिहिलेली बाडेही असतात. मूळ गाव सोडून कोठून कोठे आले याची माहिती त्यांच्या कथनात हमखास असते. त्यांच्या सांगण्याचे ध्वनिमुद्रण परवानगी घेऊन, मध्ये न थांबवता करावे. मध्येच प्रश्न विचारला की क्रम तुटतो.

स्त्रियांच्या नावांसाठी थोडे अधिक कष्ट पडतील, पण ती मिळतात. विधवा पत्नीचे नाव जुन्या वारस फेरफारातही असते. मुलींची नावे हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ साली आल्यानंतर वारसांत दिसू लागली. त्याआधी ती क्वचितच आढळतात, म्हणून १९५६ पूर्वीचा फेरफार पाहून ‘मुली नव्हत्या’ असे कधीही लिहू नये. १९५६ नंतरच्या अनेक फेरफारांत बहिणींनी हक्क सोडल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यांच्यात सासरचे नाव व गावही असते. यांखेरीज लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, भांड्यांवर घातलेली नावे, आणि श्राद्धात मातृत्रयीसाठी लिहून ठेवलेली नावे हे घरगुती आधार आहेत. श्राद्धाच्या यादीत आई, आजी आणि पणजी अशा तीन पिढ्या सलग मिळतात. घरच्या पुरोहिताच्या वहीत ती यादी असण्याचा संभव मोठा असतो.

माहेरचे आणि सासरचे नाव अशी दोन्ही नावे घ्यावीत, आणि माहेरचे घराणे गावासह लिहावे. याचा लाभ शोधालाही होतो. पूर्वी सोयरिकी ठराविक गावांत होत असत. दोन पोतदार शाखांच्या सुना पिढ्यान् पिढ्या त्याच तीन-चार घराण्यांतून आलेल्या दिसल्या, तर त्या शाखा एका परिसरात नांदत होत्या हे कळते. ज्यांनी हा प्रश्न उपस्थित केला त्या भगिनींकडेच माहेर-सासरच्या नोंदींचे काम सोपवावे, अशी माझी सूचना आहे. वयस्क स्त्रियांच्या स्मरणात नात्यांचे जे जाळे असते, त्याची बरोबरी कोणतेही दप्तर करू शकत नाही. आणि दप्तर उद्याही पाहता येईल, म्हणून आधी त्यांच्याकडे जावे.


उत्तर – वंशगणक

कोणी तरी डीएनए चाचणीचा विषय काढेलच, म्हणून थोडक्यात लिहितो. वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे येते, त्यामुळे पुरुषपरंपरेने चालणाऱ्या आडनावाशी ते समांतर जाते. ऑक्सफर्डच्या ब्रायन साईक्स यांनी २००० साली स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांची अशी तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा निम्म्याहून काहीशा कमी पुरुषांत एकच वाय-प्रकार आढळला होता. आपल्या कामात या चाचणीचा उपयोग मर्यादित पण नेमका आहे. कागदांनी जवळ आणलेल्या, परंतु न जुळलेल्या दोन शाखांतील एकेक पुरुषाने चाचणी केली आणि वाय-प्रकार मुळातच भिन्न निघाले, तर त्या पुरुषांचा पितृवंश एक नाही हे निश्चित होते. जुळले तर समान पूर्वज होता एवढे कळते. तो नेमका कोण आणि कितव्या पिढीतला, हे कागदच सांगू शकतात.

यात एक नाजूक बाब आहे. आपल्याकडे दत्तकाची परंपरा मोठी आहे. दत्तक भाऊबंदांतून घेतला असेल तर वाय गुणसूत्र तेच राहते, पण बहिणीच्या किंवा मुलीच्या मुलाला घेतले असेल तर ते बदलते. तो माणूस कायद्याने आणि धर्माने त्याच घराण्याचा आहे, आणि वंशवेलीत त्याचे स्थान तेच राहिले पाहिजे. मात्र जनक पित्याचे नाव ठाऊक असेल तर तेही द्यावे. चाचणीतून एखाद्या कुटुंबाला अनपेक्षित गोष्ट कळू शकते, म्हणून निकाल काहीही येवो, तो छापायचा की नाही हे चाचणी देणाराच ठरवील, असे आधीच लेखी ठरवून घ्यावे.

माहिती साठवण्यासाठी ग्रॅम्प्स हे विनामूल्य सॉफ्टवेअर चांगले आहे. त्यात देवनागरी नावे व्यवस्थित राहतात आणि गेडकॉम या वंशावळींच्या देवाणघेवाणीच्या स्वरूपात ती इतरांना देता येतात. प्रत्येक व्यक्तीला कायमचा एक क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकात पिढी किंवा शाखा गुंफू नये, कारण उद्या एखादी शाखा दुसरीकडे जोडली गेली तर सर्व क्रमांक बदलावे लागतील. प्रत्येक नात्यापुढे आधार लिहावा : फेरफार क्रमांक, रुमाल, नामावळीचे पान, किंवा कोणाच्या सांगण्यावरून. ‘घरची माहिती’ एवढेच लिहिलेली नोंद दहा वर्षांनी कोणालाही तपासता येत नाही.


प्रश्नकर्ता – कृष्णाकाठ

हे सर्व वाचून कामाला दिशा मिळाली. शेवटची शंका छपाईविषयी आहे. शोध संपेपर्यंत थांबले तर आमचे ज्येष्ठ ग्रंथ पाहू शकणार नाहीत, आणि आज छापला तर बऱ्याच शाखा सुट्या राहतील. हयात व्यक्तींचे पत्ते आणि जन्मतारखा द्याव्यात का, याविषयीही मतभेद आहेत.


उत्तर – दप्तरखाना

सुट्या शाखा सुट्याच छापाव्यात. प्रत्येक घराण्याला स्वतंत्र प्रकरण द्यावे, त्याच्या आरंभी पुरावा कोणत्या सालापर्यंत पोचतो ते लिहावे, आणि त्यामागची केवळ परंपरेने सांगितलेली नावे वेगळ्या टंकात, ‘घराण्यातील सांगण्याप्रमाणे’ असा स्पष्ट उल्लेख करून द्यावीत. ज्येष्ठांच्या मुखातील कथा गाळण्याची आवश्यकता नाही. अमुक गावाहून घोड्यावरून आले, देवीने दृष्टान्त दिला, तमुक सरदाराने पोतदारी दिली, या कथा त्या घराण्याचा ठेवा आहेत आणि सांगणाऱ्याच्या नावासह त्यांची नोंद झालीच पाहिजे. फक्त त्यांच्यावरून वंशवेलीची रेघ ओढू नये. दोन शाखा जुळण्याचा संभव वाटत असेल तर तसे कारणांसह लिहावे, म्हणजे पुढचा अभ्यासक नेमका तेथून काम उचलील.

हयात व्यक्तींच्या बाबतीत नाव, नाते आणि गाव एवढेच पुरे आहे. पूर्ण जन्मतारीख, दूरध्वनी क्रमांक आणि घरचा पत्ता देऊ नये. जन्मवर्षही ज्याने त्याने संमती दिली तरच द्यावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीला सूट आहे, परंतु विक्रीचा ग्रंथ किंवा खुले संकेतस्थळ त्या सुटीत बसेल असे गृहीत धरू नये. माहितीच्या छापील नमुन्यावरच संमतीची ओळ आणि सही घ्यावी. घटस्फोट, दत्तक, आंतरजातीय विवाह यांबाबत संबंधित व्यक्ती जसे सांगेल तसेच लिहावे आणि इतर नातलगांच्या सांगण्यावरून त्यात फेरफार करू नये.

पहिली आवृत्ती थोड्या प्रतींची काढावी आणि प्रत्येक प्रकरणानंतर दुरुस्तीसाठी कोरी पाने ठेवावीत. ग्रंथाच्या शेवटी व्यक्तिनामांच्या सूचीबरोबर मूळ गावांची आणि सुनांच्या माहेरच्या घराण्यांची अशा आणखी दोन सूची द्याव्यात. ग्रंथ हाती आल्यावर दुसऱ्या आडनावांचे शोधक प्रथम याच सूची उघडतील, आणि आपल्या सुट्या शाखांची हरवलेली कागदपत्रे पुष्कळदा त्यांच्याच घरांतून मिळतील.